निळं म्हणजे शुद्ध

कडी वाजली.

दुपारची जेवणं आटोपल्यावर बेंगळूरच्या चिकपेटेतल्या आमच्या घराची कडी कुणी वाजवत नसे. गल्लीतल्या सगळ्यांना आत्याबाईंची तंबी होती — “आमची उल्का निजते. आवाज करायचा नाही.” मोरीतला नळ गळायचा, तर थेंबांचा आवाज नको म्हणून त्या खाली फडकं अंथरायच्या. एवढ्या बंदोबस्तात मी मात्र टक्क जागी असायचे. छताकडे बघत... छातीतली ओढाताण ऐकत. घर इतकं मुकाट केलं की तेवढंच ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून कडी वाजली तेव्हा आत्याबाई उठायच्या आधी मीच दारात गेले.

दारात एक उंच, घामानं निथळणारा तरुण. दोन्ही हातांनी छातीशी हॉर्लिक्सची बाटली धरलेली, म्हणजे कडी कोपरानं वाजवली असणार. बाटलीत हिरवट पाणी.

“मेडम... विठोजीराव... स्वल्प... चार्ट... इल्ली?”

“इल्लीच, इथंच. पण मराठीत बोला. कन्नडला फार लागतंय.”

तो हसला, तसं बाटलीतलं पाणी हिंदकळलं. “तुम्ही मराठी?”

“तीनशे वर्षं झाली. शहाजी महाराजांबरोबर आलो आम्ही. तुम्ही?”

“मी... गेल्या वर्षी. मिरजेहून गाडी बदलून.” मग जरा थांबून, “पण तुमचं मराठी असं...”

“असं म्हणजे?”

“म्हणजे... गोड.”

“वेळेवर सावरलंत हं.”

आतून आत्याबाईंचा आवाज आला, “कोण गं?”

“नाव काय तुमचं?” मी विचारलं.

“रत्नाकर.”

“समुद्र आलाय, आत्याबाई!” मी ओरडले. “बाटलीत आपलं पाणी घेऊन आलाय!”

तेवढं ओरडल्यानंच मला धाप लागली. मी दाराची चौकट धरली, आणि ती सहज धरली असं दाखवलं. ते दाखवायला मी फार लहानपणी शिकले होते.

अकरा वर्षांची असताना माझे सांधे सुजले, ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप आखडून गेला. ती नीट उघडेना, नीट मिटेना. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, अण्णांना, समजावून सांगायला भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं — डावा कप्पा, वरची झडप, इथं. अण्णा त्या बोटाकडे बघतच राहिले. तक्ता त्यांनीच रंगवलेला होता. बेंगळूरच्या निम्म्या शाळांतले, दवाखान्यांतले मानवी हृदयाचे तक्ते विठोजीरावांच्याच हातचे. त्या दिवसानंतर झडपेपाशी आलं की त्यांचा हात थरथरायचा. मग तेवढी जागा ते माझ्यासाठी कोरी ठेवायला लागले. सगळं हृदय त्यांचं, झडप माझी.

आई मी फार लहान असतानाच गेलेली. अण्णांची धाकटी बहीण सकवारबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, यांनीच मला वाढवलं. त्यांची एकच चिंता — माझं लग्न. धाप लागली की माझे ओठ निळसर पडायचे. म्हणून कुणी बघायला येणार असलं की त्या माझ्या तोंडात विडा कोंबायच्या. कात जरा जास्त. “चाव. अजून चाव. आता कसे दिसतात बघ... डाळिंब!” पाहुणे जायचे, पत्रिका जुळायची, मग कुठून तरी त्यांच्या कानावर पडायचं, आणि सगळं विरून जायचं. आत्याबाई पुढच्या पाहुण्यांसाठी पुन्हा पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या.

रत्नाकरला अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं.

तो पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करायचा. इथल्या एका संशोधन संस्थेत होता आणि रोज बसनं बेळ्ळंदूरच्या तळ्यावर जायचा. शहराचं सांडपाणी त्या तळ्यात उतरत होतं. काठच्या गावांतल्या शाळांसाठी त्याला चार तक्ते हवे होते. माणसाचे नव्हे, हायड्रा, गांडूळ, झुरळ आणि गोगलगाय. त्यांच्या अंगात रक्त कसं फिरतं ते.

“झुरळाचं?” अण्णांनी चष्मा वर केला. “झुरळाचं हृदय कोण बघणार?”

“मुलं बघतील,” तो म्हणाला. “तळं मरतंय, अण्णा. त्यात काय काय मरतंय, ते तरी त्यांना कळायला हवं.”

अण्णांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. रेघा उल्का काढेल. तिला बसूनच काम लागतं.”

“का?” त्यानं विचारलं.

“आळशी आहे,” आत्याबाई आतून म्हणाल्या.

*

तो यायला लागला. दुपारीच यायचा, कारण सकाळी तळ्यावर असायचा. आत्याबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कॉफी दिली, मग आठवड्याभरात त्याच्यासाठी चिरोट्यांचा डबा वेगळा काढून ठेवायला लागल्या.

पुढच्या खोलीत कापडावर चिकटवलेला कोरा कागद पसरलेला. मी एका बाजूला बसलेली, तो दुसऱ्या बाजूला उकिडवा.

“हायड्राला हृदय नाही,” तो सांगायचा. “रक्तही नाही. अंग म्हणजे पेशींचे नुसते दोन पदर. आत पाणी, बाहेर पाणी. पाणीच सगळं आणतं, पाणीच सगळं नेतं.”

“सुखी आहे मेली,” आत्याबाई म्हणाल्या.

गांडूळ अण्णांना आवडलं. त्याचं रक्त लाल, नळ्या बंद, आणि एक सोडून हृदयांच्या चार जोड्या. “हे बरंय,” अण्णा म्हणाले. “एक थकलं तर दुसरं आहे.” बोलून गेले आणि माझ्याकडे न बघता ब्रश धुवायला उठले.

झुरळापाशी मी अडले.

“पाठीवर एक लांब नळी,” रत्नाकर बोटानं हवेत रेघ ओढत म्हणाला, “तेच हृदय. तेरा कप्पे. ते रक्त पुढं पुढं ढकलतं. डोक्याजवळ नळी संपते... आणि मग रक्त सुटतं.”

“सुटतं म्हणजे? जातं कुठं?”

“सगळीकडे. पुढं नळी नाही, काठ नाही. आतड्यांना, स्नायूंना, सगळ्याला भिजवत भिजवत सावकाश मागं येतं. आणि पाठीवरच्या बारीक फटींतून पुन्हा हृदयात शिरतं.”

“फटी उघड्याच?”

“नाही, झडपा असतात. आत येऊ देतात, बाहेर जाऊ देत नाहीत.”

“आणि... झडप बिघडली तर?”

तो हसला. “झुरळाची झडप कोण तपासतंय!”

मी हसले नाही. त्याच्या ते लक्षात आलं. त्याची नजर माझ्यावर क्षणभर जास्त रेंगाळली... मग त्यानं कॉफीचा पेला उचलला. तो रिकामा होता.

काठ नसलेलं रक्त काढायचं कसं? आमच्या घरात तर रक्त म्हणजे रेघेच्या आतला रंग. दुसऱ्या दिवशी मी झुरळाचं सगळं अंग पाण्यानं ओलं केलं आणि अगदी फिका पिवळसर रंग एका टोकाला टेकवला. तो आपोआप पसरत गेला. अवयवांच्या कडांशी दाटला, मध्ये विरला. रत्नाकर श्वास रोखून बघत होता.

“असंच,” तो हळूच म्हणाला. “अगदी असंच असतं.”

“श्वास घ्या आता,” मी म्हटलं. “तुम्हाला जमतंय तर.”

गोगलगाईवरून मात्र भांडण झालं.

तळ्यातली मोठी गोगलगाय. तिला हृदय आहे, दोन कप्प्यांचं. अण्णांनी सवयीनं हृदयातून निघणारी वाट लाल रंगवली, परतीची निळी. चाळीस वर्षांची सवय. लाल ते शुद्ध, निळं ते अशुद्ध.

“अण्णा, हे उलटं झालं,” रत्नाकर म्हणाला. “हिच्या रक्तात लोह नसतं, तांबं असतं. हवा भरली की ते निळं होतं. हवा संपली की पाण्यासारखं, बिनरंगाचं. हिचं निळं म्हणजे शुद्ध.”

“निळं शुद्ध?” अण्णांचा आवाज एकदम चढला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “निळं म्हणजे काय ते मला सांगू नका! निळं म्हणजे वाईट. निळं म्हणजे रक्ताला हवा मिळत नाही. बदलणार नाही मी. न्यायचा तर असाच न्या.”

रत्नाकर गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. एका रंगावरून म्हातारा माणूस एवढा का भडकतो, त्याला कळेना. मी खाली मान घातली. आत्याबाईंनी दिलेल्या पानानं माझे ओठ लालभडक होते.

जाताना त्यानं दारात खिशातून एक भिंग आणि छोटी काचेची नळी काढली. “तुमच्यासाठी आणलंय. उजेडात धरा.”

नळीतल्या पाण्यात एक ठिपका टुणटुण उड्या मारत होता. भिंगाखाली तो ठिपका काचेचा प्राणी झाला. आरपार. एक काळा डोळा, आत हिरवं आतडं, आणि पाठीशी काहीतरी फडफडत होतं, इतक्या वेगानं की मोजता येऊ नये.

“ते...?”

“हृदय. ही पाणपिसू. हिला काही लपवता येत नाही.”

“बिचारी.”

“का? मला तर हेवा वाटतो. आपण असे असतो तर...” तो थांबला. “तर मला काही बोलावंच लागलं नसतं.”

मी भिंगावरून डोळा काढला नाही. काढला असता तर काय झालं असतं कोण जाणे. मी म्हटलं, “ही जरा लालसर आहे. लाजतेय?”

“नाही,” त्याचा आवाज बदलला. “पाण्यातली हवा कमी झाली की ही अंगातलं लाल वाढवते. आहे तेवढी हवा धरून ठेवायला. पूर्वी तिथल्या पाणपिसवा बिनरंगाच्या असायच्या म्हणे. आता सगळ्या अशा.” मग हळूच, “लाजत नाही ती. गुदमरतेय.”

*

बेळ्ळंदूरला जायचा हट्ट माझाच. जिवंत गोगलगाय बघितल्याशिवाय कवचाची रेघ नीट येणार नाही, म्हटलं. अण्णा नको नको म्हणत होते, शेवटी आत्याबाई बरोबर येते म्हणाल्या. निघताना त्यांनी माझ्या तोंडात विडा दिला आणि डब्यात आणखी दोन ठेवले.

बसमधून उतरल्यावर भाताची खाचरं, नारळ, आणि मग बांध. बांधापलीकडे तळं. एवढं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. पण वास... नाकाला पदर लावावा असा. कडेला पांढरा फेस साचलेला, आणि त्यात एक कोळी आपली गोल टोपलीसारखी होडी उलटी घालून तिच्यावर नुसता बसलेला. जाळं कोरडं होतं.

आत्याबाई पिंपळाखाली चपला काढून बसल्या. “मी नाही येत घाणीत. जा तुम्ही, पण माझ्या नजरेसमोर.”

बांध चढायला फार नव्हता. दुसऱ्या कुणाला तो चढ वाटलाही नसता. रत्नाकर पुढं बोलत चालला होता — “इथं पूर्वी शिंपले सापडायचे, आता फक्त चिखलात लाल अळ्या...” आणि मी त्याच्यामागून पाय टाकत होते. एक, आणखी एक... मग पाऊल उचललंच नाही. छातीत घोडा उधळल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं फेस का तळं कळेना, आणि मी खाली बसले. त्यानं वळून पाहिलं तेव्हा मी दोन्ही हात मातीत रोवून हवा शोधत होते.

तो धावत आला. “काय झालं? ऊन लागलं का?”

हो म्हणता आलं असतं. ऊन होतंच. आत्याबाईंनी पिंपळाखालून हेच सांगितलं असतं. पण त्याच्या हातात ती काचेची नळी होती, आणि आत ती फडफडत होती, उघडी, सगळ्यांना दिसणारी...

मी पदराचं टोक घेतलं आणि ओठ पुसले. पुन्हा पुसले. विड्याचा सगळा रंग निघेपर्यंत.

“हे बघा,” मी म्हटलं. “अण्णा का चिडले, ते हे. माझी झडप बिघडलेली आहे. झुरळाची नाही, माझी. धाप लागते, निळी पडते. लग्न करू नये, केलंच तर मूल होऊ देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. आत्याबाई पान चारतात म्हणून दिसत नाही.”

त्यानं काहीतरी गोड बोलावं, असं मला वाटलं होतं. खोटं कशाला सांगू... रोज दुपारी मी मनात ते वाक्य त्याच्या तोंडी घालून पाहत होते. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो घाबरला होता. त्यानं मला हात दिला, हळूहळू पिंपळापर्यंत आणलं, बसमध्ये बसवलं.

आत्याबाई माझ्या ओठांकडे बघून समजल्या. घरी आल्यावर त्या डब्यातले दोन विडे मोरीत टाकून आल्या आणि देवापुढं पाठ करून बसल्या.

*

मग तो आला नाही.

दुपारी घर पुन्हा मुकाट झालं. नळाखाली फडकं. छत. मी गोगलगाईच्या तक्त्यावर अक्षरं लिहायला घेतली, अर्धवट सोडली. अण्णा काही विचारत नसत, फक्त माझ्यासाठी झडपा कोऱ्या ठेवत. एकदा म्हणाले, “पोरगा वाईट नव्हता.” आत्याबाई म्हणाल्या, “वाईट कोण असतं? शहाणा होता.”

दसरा उलटून गेल्यावर एका रविवारी त्याचा निरोप आला. येतोय. कामासाठी नाही... बघायला. साताऱ्याहून आई-वडील येणार नाहीत, एकटाच येतोय.

आत्याबाईंनी नेसवलं, वेणी घातली, गजरा माळला. आणि अगदी शेवटी, सवयीनं, पितळी तबकातून विडा उचलून माझ्या तोंडाशी आणला. हात तसाच राहिला. मी तोंड उघडलं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांनी तो विडा आपल्याच तोंडात टाकला.

“जा,” त्या विडा चावत म्हणाल्या. “जा अशीच.”

मी कॉफी घेऊन गेले. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीपर्यंत चालण्यात आणि भीतीत जेवढी धाप लागते तेवढी लागली होती. ओठ कसे दिसत असतील, ते मला न बघता कळत होतं.

रत्नाकर वाळला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. नजर वळवली नाही.

“मी घाबरलो होतो,” तो अण्णांना म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. “अजून घाबरलेला आहे. एवढे दिवस डॉक्टरांच्या मागं लागून काय काय विचारून आलो. आईनं नको म्हणून सांगितलंय. ते सगळं खरं आहे.”

“मग आलात कशाला?” अण्णांनी विचारलं. त्यात राग नव्हता.

“कारण साताऱ्याला घरी जाऊन राहिलो, तरी घाबरतच होतो. त्यापेक्षा इथं बसून घाबरीन म्हटलं.”

कुणी हसावं असं ते वाक्य नव्हतं. पण मला हसू आलं, धाप लागेपर्यंत. आणि मला धाप लागली म्हणून आत्याबाई त्यालाच रागावल्या, “आल्या आल्या हसवतोस काय रे तिला!”

अण्णा उठले. कोपऱ्यातून गोगलगाईचा तक्ता काढला, उलगडला. परतीच्या वाटेवरचा निळा त्यांनी खरवडून काढला होता, कापडाचे धागे दिसेपर्यंत. आणि हृदयातून निघणारी वाट निळी केली होती, मोरपिसासारखी. कधी केली ते आम्हाला कळलंच नव्हतं.

“हा शाळेला देऊ नका,” ते म्हणाले. “शाळेला दुसरा करतो. हा तुमच्या घरात लावा.”

*

लग्नानंतर इंदिरानगरात आम्ही भाड्यानं घर घेतलं ते तळमजल्याचं. रत्नाकरनं जिने नसलेलं घर शोधायला सगळी उपनगरं पालथी घातली होती. दोन पायऱ्या होत्या, त्याही त्यानं विटा लावून उताराच्या करून घेतल्या. घरमालकीण म्हणायच्या, “इल्ली सायकल इदेया?” सायकल आहे का? तो म्हणायचा, “हो, एक जुनी, जरा चेन सैल आहे.” मी आतून लाटणं दाखवायचे.

सुखाचं फार सांगता येत नाही. संध्याकाळी तो येताना तळ्याचा वास घेऊन यायचा. मी त्याला दारातच थांबवून साबण द्यायचे. तो म्हणायचा, “आज एकही शिंपला नाही.” मी म्हणायचे, “आज पोळ्या फुगल्या.”

मूल मला हवं होतं. त्याला नको होतं.

“मला तू हवीस,” तो म्हणाला. “तुझ्या बदल्यात कुणी नको.”

“बदल्यात कोण म्हणतंय?”

“डॉक्टर म्हणतात.”

आम्ही कितीतरी दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. शेवटी मीच ठरवलं, आणि त्यानं ते मान्य केलं असंही नाही. तो फक्त माझ्याबरोबर राहिला. शेवटच्या महिन्यांत मला आडवं होता येईना, छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं. उशा पुरेनात. मग तो पलंगावर बसायचा, पाठ माझ्याकडे करून, आणि मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. त्याचा श्वास माझ्या पाठीत यायचा. आत, बाहेर. आत, बाहेर. मी त्याच्या मापानं घ्यायचा प्रयत्न करायचे.

वेदिका झाली. लहानशी, रागीट, लालबुंद. तिच्या छातीला कान लावून डॉक्टर म्हणाले, स्वच्छ आहे. रत्नाकर तिथंच भिंतीला टेकून रडला.

आणि माझी झडप तेव्हापासून उतरणीला लागली.

आता वेदिका चार वर्षांची आहे. तिचे केस विंचरताना मला मध्ये थांबावं लागतं. ती पाठमोरीच विचारते, “संपलं?” मी म्हणते, “नाही, स्वल्प थांब.” फुग्यानं झडप रुंद करायची सोय निघाली आहे, पण माझी गळतेही, म्हणून ते चालणार नाही. छाती उघडून धातूची झडप बसवायची. परवा मला भरती व्हायचंय. डॉक्टरांनी रत्नाकरला बाजूला घेऊन बराच वेळ सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाले?” तो म्हणाला, “होईल म्हणाले.” पाणपिसूसारखं त्याला काही लपवता येत नाही. मी पुढं विचारलं नाही.

आज दुपारी तो कामावर गेला नाही. स्वयंपाकघरात दूध तापवत होता. वेदिका माझ्या पायांशी बसून आजोबांच्या जुन्या ब्रशनं चित्र काढत होती. तिनं मला काढलं होतं — दोन वेण्या, मोठं पोट, आणि तोंड पसरट, निळं.

“तोंड निळं का गं?”

तिनं भिंतीवरच्या गोगलगाईच्या तक्त्याकडे बोट केलं, जणू मला एवढंही कळू नये. “निळं म्हणजे शुद्ध.”

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला.

“आई, बाबा म्हणाले, तुझं रक्त बाहेर येणार. झुरळासारखं?”

“झुरळाचं बाहेर येत नाही गं, आतल्या आत सुटतं. माझं नळीतून मशीनमध्ये जाणार. मशीन त्यात हवा भरणार आणि परत माझ्यात सोडणार.”

“आणि हृदय?”

“त्याला थांबवणार. झडप शिवायची ना... हललं तर शिवता येत नाही. तुझा फ्रॉक शिवताना मी म्हणते की नाही, हलू नकोस?”

तिनं ब्रश तसाच वर धरला. ब्रशमधून निळा थेंब फरशीवर पडला. बापाच्या भिंगाखाली तिनं कितीतरी पाणपिसवा पाहिल्या आहेत. कितीतरींचं ते फडफडणं तिच्या डोळ्यांदेखत मंद होत थांबलेलं आहे.

रत्नाकर दारात येऊन उभा राहिला होता. हातात दुधाचा पेला. तोही माझ्याकडेच बघत होता.

“आई,” वेदिका म्हणाली, “रक्त मशीनमध्ये... आणि हृदय थांबलेलं... मग तेवढा वेळ तू कुठं असशील?”